जुन्या गोव्यात फक्त चर्च नकोत, शहर पाहायचंय. सुरुवात कुठून करावी?

फोंडेकरीण:
नमस्कार मंडळी. आम्ही फोंड्याजवळ राहतो. दिवाळीच्या सुट्टीत सांगलीहून माझे दीर, जाऊबाई आणि त्यांची दोन मुलं येतायत. मोठा नववीत आहे. मे महिन्यात हंपी पाहून आल्यापासून त्याला जुन्या शहरांचं वेडच लागलंय. परवा फोनवर म्हणाला, "काकी, जुनं गोवं एवढी मोठी राजधानी होती ना? मग लोक राहायचे कुठे, बाजार कुठे भरायचा, राजवाडा कुठे होता?" त्याला नीट काही दाखवावं असं मनापासून वाटतंय. आमच्या शाळेच्या सहली बॉम जेझुस आणि से कॅथेड्रल करून, बागेत डबे खाऊन परत यायच्या. त्यापलीकडचं जुनं गोवं मी पाहिलेलंच नाही.

सोबत सासरे आहेत. त्यांचे गुडघे दुखतात, पण इतिहासाची आवड मोठी, घरी बसायला तयार नाहीत. धाकटी पुतणी सहावीत, तिला दगडांपेक्षा गोष्टी आवडतात. एक पूर्ण दिवस देता येईल, जमलं तर आणखी अर्धा. कुठून सुरू करावं, काय सोडावं, कुठे जास्त थांबावं? माहीतगारांनी सविस्तर सांगावं ही विनंती.

मांडवीकाठ:
ताई, थोडक्यात सांगतो. शुक्रवारी जाऊ नका, पुरातत्त्व खात्याचं संग्रहालय त्या दिवशी बंद असतं. रविवारी सकाळी प्रार्थनेची गर्दी. नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यापासून सेंट झेवियरच्या ३ डिसेंबरच्या फेस्तापर्यंत तिथे पाय ठेवायला जागा नसते, त्यामुळे दिवाळीची सुट्टी हीच बरी वेळ. पावसाळा नुकताच संपलेला असतो, चिऱ्यांवर, म्हणजे जांभ्या दगडांवर, शेवाळ असतं. सासऱ्यांना घसरणार नाही अशी चप्पल घालायला सांगा. चर्चमध्ये खांदे-गुडघे झाकलेले असावेत.

आणि गाडीत नकाशा लावताना "गोवा वेल्हा" टाकू नका. ते पणजी-मडगाव रस्त्यावरचं वेगळं गाव. तुम्हाला जायचंय ते जुने गोवे.

दिवाडकर मास्तर:
मी दिवाडीचा. समोरच्या बेटावरून फेरीने मांडवी ओलांडून लहानपणापासून जुन्या गोव्याला येतोय. पुढे डिचोली तालुक्यात मराठी शाळेत शिकवलं आणि मुलांना वर्षानुवर्षं इथे घेऊन आलो. तुमच्या पुतण्याचा प्रश्न मला फार आवडला, म्हणून लांब लिहितो.

पहिली गोष्ट, बॉम जेझुसपासून सुरुवात करू नका. हे शहर नदीकडे तोंड करून वसलेलं होतं. माल, माणसं, फौजा, रोगराई, सगळं मांडवीतून आलं. म्हणून गाडी थेट फेरीधक्क्यावर न्या, सगळ्यांना उतरवा आणि तिथून चालत वर या. मग कुठली गोष्ट कशापुढे होती ते आपोआप कळत जातं.

धक्क्यावरून पाच मिनिटांत व्हाइसरॉयची कमान लागते. वास्को द गामाचा पणतू फ्रांसिस्कु द गामा इथे व्हाइसरॉय होता, त्याने १५९९ मध्ये ती बांधली. मध्यंतरी पडली होती, १९५४ मध्ये पुन्हा उभी केली. पोर्तुगालहून येणारा प्रत्येक नवा व्हाइसरॉय याच कमानीतून शहरात शिरायचा. नदीकडच्या अंगाला वास्कोचा पुतळा आहे. तो सगळे बघतात आणि पुढे जातात. तुम्ही आत गेलात की मागे वळून वर पाहा. तिथे एका स्त्रीची मूर्ती आहे आणि तिच्या पायाखाली एक माणूस पालथा पडलेला आहे, आपल्याकडच्या पोशाखातला. मुलांना आधी काही सांगू नका, नुसतं बघू द्या. माझ्या वर्गातलं एकही पोर तिथून प्रश्न न विचारता पुढे गेलेलं नाही.

कमानीतून वर चढणारा रस्ता म्हणजे रुआ दिरेता, या शहराची मुख्य पेठ. पुतण्याचा बाजार तो हाच. लिन्सखोटेन नावाचा एक डच तरुण १५८३ ते १५८८ इथे आर्चबिशपच्या पदरी होता. त्याने लिहून ठेवलंय की सणवार सोडून रोज सकाळी सात ते नऊ या रस्त्यावर लिलाव चालायचा. अरबी घोडे, मसाले, दागिने, कापड, आणि माणसंसुद्धा. गुलाम उभे करून विकले जायचे. आज दोन्ही बाजूंना झाडं आहेत, चिऱ्याच्या जोत्यांचे तुकडे मधूनच दिसतात. मी मुलांना तिथे रस्त्याच्या कडेला उभं करून डोळे मिटायला सांगायचो आणि लिलावाचं वर्णन वाचून दाखवायचो. पुतणीला गोष्टी आवडतात ना, तिच्यासाठी ही जागा चांगली.

पुढे डाव्या हाताला सेंट काजेतानचं चर्च. त्याच्या आवारात रस्त्याजवळ काळ्या दगडाचा एक दरवाजा एकटाच उभा आहे. दोन खांब, वर तुळई, दोन्ही बाजूंना जाळीच्या नक्षीचे दगड. बहुतेक जण त्याच्याकडे बघतही नाहीत. तो आदिलशहाच्या वाड्याचा दरवाजा. २५ नोव्हेंबर १५१० ला पोर्तुगीज सेनानी आल्बुकर्कने शहर घेतलं, त्याआधी विजापूरकरांची सत्ता इथून चालायची. पुढे १५५४ पासून १६९५ पर्यंत व्हाइसरॉय याच वाड्यात राहिले, आणि १८२० मध्ये तो पाडला. खांबांवरचं कोरीवकाम जवळ जाऊन पाहा, ते देवळाच्या खांबांचं आहे. देऊळ, सुलतानाचा वाडा, व्हाइसरॉयचं निवासस्थान, सगळं त्या एका चौकटीत आहे. मला विचाराल तर अख्ख्या जुन्या गोव्यात याहून महत्त्वाची वस्तू नाही. इथे निदान पंधरा मिनिटं द्या. काजेतानच्या आत घुमटाच्या बरोबर खाली एक विहीर आहे, झाकलेली, तीही बघा.

तिथून से कॅथेड्रलसमोरचं मोकळं पटांगण. कॅथेड्रल तुम्ही पाहिलेलं आहे. एका बाजूचा मनोरा नाही, तो १७७६ मध्ये कोसळला. पण मी थांबायला सांगेन ते कॅथेड्रलसाठी नाही. या पटांगणाच्या कडेला इन्क्विझिशनची, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाची, इमारत होती. लोक तिला व्हडलें घर म्हणत, नाव घ्यायलाही घाबरत. १५६० ते १८१२, मधली थोडी वर्षं सोडली तर अडीचशे वर्षं तिथे लोकांच्या श्रद्धांचा न्याय झाला. हिंदू रीतीरिवाज पाळणारे नवख्रिस्ती, ज्यू वंशाचे लोक, कोणीही. त्या इमारतीचा आज एक दगडही जागेवर नाही, गवत आहे फक्त. तिथे एक साधा फलक तरी असावा असं मला फार वाटतं.

मागच्या बाजूला सेंट फ्रान्सिसच्या मठात संग्रहालय आहे. व्हाइसरॉयांच्या तसबिरींच्या रांगा भरभर बघितल्या तरी चालतील. वेळ द्या तो वीरगळांना, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांच्या स्मारकशिळांना. पोर्तुगीजांच्या आधीच्या कदंब राजांच्या काळातले आहेत, आणि त्यातल्या काहींवर चक्क जहाजं कोरलेली आहेत, वल्ही मारणारे, लढणारे. घाटावरच्या वीरगळात घोडे आणि गाई दिसतात, सांगलीच्या मुलाने ते पाहिलेले असणार. समुद्रावर मेलेल्या वीरांचे दगड त्याला इथे दिसतील. पोर्तुगीज यायच्या आधीही हा आरमाराचा मुलूख होता, हे शंभर वाक्यांत सांगून कळत नाही ते त्या दगडापुढे एका मिनिटात कळतं.

दुपारी बसस्टँडजवळ भाजी-पाव, चहा घ्या, थोडं बसा. ऊन उतरलं की डोंगरावर, सेंट ऑगस्टीनच्या अवशेषांकडे.

हंपी पाहिलेल्या मुलाचं मन रमेल ते इथेच. ऑगस्टिनियन संन्यासी गोव्यात १५७२ मध्ये आले, आणि चर्च उभं राहिलं १६०२ मध्ये. मनोरा ४६ मीटर उंच, संपूर्ण चिऱ्याचा. १८३४ मध्ये पोर्तुगालच्या सरकारने धार्मिक पंथांचे मठ बंद केले, संन्यासी गेले आणि एवढी प्रचंड वास्तू वाऱ्यावर पडली. १८४२ मध्ये छत कोसळलं, १९३१ मध्ये दर्शनी भिंत आणि मनोऱ्याचा अर्धा भाग गेला. मोठी घंटा त्याआधीच खाली उतरवलेली होती. ती आग्वादच्या दीपगृहात होती आणि १८७१ मध्ये पणजीच्या चर्चला आली. पणजीला पायऱ्यांच्या चर्चवर जी घंटा वाजते, ती हीच. मुलांना हे सांगितलं की दोन जागा एकमेकींना जोडल्या जातात.

आत चालताना खाली बघा. जमिनीत थडग्यांच्या शिळा बसवलेल्या आहेत, त्यांवर नावं, घराण्यांच्या ढाली. भिंतींवर कुठेकुठे रंगीत फरशांचे तुकडे राहिलेत. इथेच जॉर्जियाच्या केतेवन राणीची गोष्ट सांगा. १६२४ मध्ये इराणच्या शाह अब्बासने तिला धर्म बदलत नाही म्हणून हाल करून मारलं. ऑगस्टिनियन संन्याशांनी तिच्या अस्थी गुपचूप उचलल्या आणि काही अवशेष गोव्याला आणून या मठात ठेवले. मठ पडला, जागा हरवली. जुनी कागदपत्रं धरून पुरातत्त्व खात्याने शोधाशोध केली, २००५ मध्ये एक हाड मिळालं, नंतर डीएनए तपासणीत ते जुळलं आणि २०२१ मध्ये भारत सरकारने ते अवशेष जॉर्जियाला दिले. कुठलं जॉर्जिया, कुठलं इराण आणि कुठला आपला चिऱ्याचा डोंगर!

सासऱ्यांसाठी: अवशेषांजवळपर्यंत गाडी जाते, आत बराच भाग सपाट आहे. कमान ते काजेतान हा चढ तेवढा त्यांना गाडीने करू द्या.

आता शहर गेलं कुठे? याचं उत्तर तुम्हाला तिथेच द्यावं लागेल, तो मुलगा विचारणारच. युद्धात जळून हे शहर गेलं नाही. चिरा आणि त्याखालची जमीन पाणी गाळणीसारखं सोडते. दाट वस्ती, मैला जमिनीत, आणि पिण्याचं पाणी विहिरीचं. १५४३ मध्येच पटकीची मोठी साथ आली होती, नंतर साथी येतच राहिल्या, हिवतापही होता. त्यात डचांनी समुद्रावरचा व्यापार तोडला. श्रीमंत लोक नदीच्या खालच्या अंगाला सरकले. व्हाइसरॉय आधी पाणेलीला गेले, १७५९ मध्ये पणजीला, आणि १८४३ मध्ये पणजी रीतसर राजधानी झाली. रिकामी घरं उतरवून त्यांचे दगड पणजीच्या बांधकामांना वापरले. म्हणजे पुतण्याला सांगा, शहराचा मोठा हिस्सा पणजीत आहे, भिंतींच्या आत.

उरलं ते पावसाने नेलं. इथला चिरा उघडा ठेवायचा नसतो, त्याला चुन्याचा गिलावा लागतो आणि पावसाळ्यात झावळ्यांची झापं. बॉम जेझुसचा गिलावा १९५० च्या दशकात काढला, तेव्हापासून ती भिंत दर पावसात झिजते आहे. लोकांना तो लाल दगड सुंदर वाटतो, फोटो काढतात. मला तिच्याकडे बघताना काळजी वाटते.

गाइडबद्दल: घेतलात तर चालेल, पण आदिलशहाचा दरवाजा आणि वीरगळ दाखवणार का हे आधीच विचारा.

सांतिनेझचा अभय:
मास्तर, नमस्कार. सुंदर लिहिलंत. हात कातरो खांब राहिला का मुद्दाम सोडलात? इन्क्विझिशनमध्ये लोकांना तिथे बांधून हात तोडायचे असं आम्ही लहानपणापासून ऐकत आलोय. मुलांना तो दाखवायलाच हवा असं मला वाटतं.

दिवाडकर मास्तर:
अभय, दाखवायलाच हवा, बरोबर आहे. काळ्या दगडाचा खांब आहे, देवळातून आणलेला, रस्त्याच्या मधोमध चौथऱ्यावर. पोर्तुगीज शहरांत असा खांब सगळीकडे असायचा. गुन्हेगाराला त्याला बांधून फटके मारायचे, चारचौघांत उभं करायचे. हा त्यासाठी वापरला गेला हे इतिहासकार सांगतात. हात तोडल्याची गोष्ट लोकांच्या तोंडून आलेली आहे. मी मुलांना दोन्ही सांगतो, आणि कोणती गोष्ट कागदावरून कळली, कोणती आजीच्या तोंडून, तेही सांगतो. आजीची गोष्ट मी खोटी म्हणत नाही. इतकी वर्षं लोकांनी त्या खांबाला तेच नाव दिलं यात त्यांनी काय भोगलं ते आहेच. पण नववीतल्या मुलाला हा फरक कळायला हवा, नाहीतर पुढे कोणीतरी एक गोष्ट खोडून काढेल आणि तो अख्खं इन्क्विझिशनच खोटं समजेल.

फोंड्याहून येताना तुम्हाला आधी सेंट पॉल कॉलेजची कमान लागेल, रस्त्याला लागूनच. एवढ्या मोठ्या विद्यालयाची तेवढीच एक भिंत उरलीय. १५५६ मध्ये भारतातला पहिला छापखाना तिथे सुरू झाला. दोन मिनिटं गाडी थांबवून दाखवा.

चांदरची सुनीता:
सगळं छान, पण ताईंनी शीर्षकात "शहर" म्हटलंय आणि चर्चा १५१० च्या पुढेच फिरतेय, म्हणून लिहिते. गोव्याची राजधानी त्याआधी दोनदा हललेली आहे. आमचं चांदर म्हणजे चंद्रपूर, कुशावतीच्या काठी, भोजांची आणि मग कदंबांची राजधानी. १९२९ मध्ये फादर हेरास यांनी इथे उत्खनन केलं. देवळाचा पाया आणि डोकं नसलेला नंदी आजही जागेवर आहे. मग कदंबांनी राजधानी जुवारीकाठी गोपकपट्टणला नेली, म्हणजे वर "मांडवीकाठ" यांनी ज्या गोवा वेल्ह्याला चुकून जाऊ नका म्हटलंय तेच. चौदाव्या शतकात दिल्लीच्या फौजांनी ते उद्ध्वस्त केलं, बंदर गाळाने भरत गेलं आणि मग मांडवीवरचं एळा पुढे आलं, तेच तुमचं जुनं गोवं. आगशीच्या बाजूला नदीकाठाने जुन्या तटाचे दगड अजून दिसतात, ओहोटीला जास्त.

आमच्या गावात कार्निव्हालच्या दिवसांत मुसळ खेळ होतो. हातात मुसळं घेऊन नाचतात ते ख्रिस्ती लोक, आणि गाण्यात कित्येक पिढ्यांपूर्वीच्या राज्याची आठवण. अवशेष म्हणजे फक्त दगड असं समजू नका एवढंच म्हणणं.

फोंडेकरीण:
मास्तर, सुनीताताई, अभयदादा, मनापासून आभार. मास्तरांचा मजकूर मी सासऱ्यांना मोठ्याने वाचून दाखवला. ते म्हणाले, वीरगळ मी पायऱ्या चढूनसुद्धा बघणार. आम्ही गुरुवारचा दिवस नक्की करतोय. दुसऱ्या दिवशी सकाळचा अर्धा वेळ आहे, त्यात चांदर करावं की दिवाडी?

दिवाडकर मास्तर:
मी दिवाडीचा असून सांगतो, चांदरही तितकंच मोलाचं आहे. पण अर्ध्या दिवसात आणि मांडवीची गोष्ट आदल्या दिवशी डोक्यात ताजी असताना दिवाडी जास्त जुळेल.

जुन्या गोव्याच्या धक्क्यावरून गाडीसकट फेरीत चढा. पिएदादच्या टेकडीवरून समोर अख्खं जुनं गोवं झाडांतून डोकं काढताना दिसतं, मनोरे मोजता येतात. तिथल्या दफनभूमीत एक छोटी वास्तू आहे, तिच्या छताचं कोरीवकाम कदंबकालीन. मग बेट ओलांडून बेटावरच्याच जुन्या नार्वेच्या बाजूला जा. सप्तकोटेश्वर मूळचा तिथला, कदंबांचं कुलदैवत. त्यांच्या नाण्यांवर आणि बिरुदांत त्याचं नाव येतं. १५४० मध्ये पोर्तुगीजांनी ते देऊळ पाडलं. कोटितीर्थाची तळी अजून आहे. लोकांनी देव नदीपलीकडे डिचोलीच्या नार्व्याला नेला, आणि १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी तिथे देवळाचा जीर्णोद्धार करवला. दारावर शिलालेख आहे, पुतण्याला स्वतः वाचू द्या.

दिवाडीच्या टोकावरून नार्व्याला दुसरी फेरी आहे. देव ज्या वाटेने गेला त्याच वाटेने तुम्ही जाल. तिथून डिचोली, साखळी करून फोंड्याला परता, उलट फेरीने यायची गरज नाही.

मांडवीकाठ:
नार्व्याच्या फेरीच्या वेळा आदल्या दिवशी धक्क्यावर विचारून ठेवा. भरती-ओहोटी आणि दुरुस्तीमुळे कधीकधी फेरी थांबते. आणि नार्व्याच्या देवळात दुपारी दार बंद व्हायच्या आत पोचायचं असेल तर जुन्या गोव्याहून नऊच्या सुमाराला निघा.

सांतिनेझचा अभय:
ताई, ऑगस्टीनच्या अवशेषांत फरश्यांचे तुकडे खाली पडलेले दिसतात. मुलांना आठवण म्हणून उचलायचा मोह होतो. आधीच बजावून ठेवा. पुढच्या खोदकामात कोणता तुकडा कुठे सापडला यावरूनच खोली कोणती ते ठरतं.